मुरारी घागाची थंडीची आगोट

कोकणात पावसाळ्याआधी घर बांधून घेतात. म्हणजे नवं बांधत नाहीत. आहे तेच आवळतात. ओसरीला पश्चिमेकडून झावळ्यांच्या झडी बांधायच्या, फटी लिंपायच्या, लाकडं आत घ्यायची. या सगळ्या धांदलीला आगोट म्हणतात. मुरारी घाग देवरुखाजवळच्या खेड्यातून दापोडीला आला तेव्हा दोन सदरे आणि ही आगोट एवढंच बरोबर घेऊन आला. सदरे लवकर विरले.

दापोडीच्या एका कारखान्यात तो बसगाड्यांच्या खिडक्यांना रबराची पट्टी बसवीत असे. गाडीत पावसाचा थेंब येऊ द्यायचा नाही, ही त्याची नोकरी. त्यामुळे फट या विषयात आपल्याइतकं कळणारा माणूस पुणे जिल्ह्यात नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. थंडीशी मात्र त्याची ओळख वरवरचीच. त्याच्या गावी पौषात लोक अंगावर एक पंचा जास्त घेत आणि ‘गारठा वाढला’ म्हणत.

पंचावन्न साली लग्न करून त्याने दुर्गाला आणलं. दिवाळी सरली आणि तिने दापोडीची थंडी पाहिली. टाचा फुटल्या. खोबरेल तेल बाटलीत असं थिजलं की खिळ्याने उकरावं लागलं. माघात तिने निकाल दिला.

“पुढल्या थंडीला मी नाय हितं. दिवाळी झाली की आईकडं जाईन, शिमगा करून येईन.”

“चार महिने?”

“उशीर झाला तर पाच.”

 खानावळीतल्या पातळ डाळीवर मुरारीने आधी दोन वर्षं काढली होती, ती आणखी काढता आली असती. पण आज किती खिडक्या झाल्या हे संध्याकाळी ऐकून घेणारं माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. दुर्गा लक्ष देऊन ऐकत असे असं नाही. पण उठून जात नसे.

“यंदा मी घर बांधून घेतो,” तो म्हणाला. “मार्गशीर्षात कुडकुडलीस तर मीच तुला एसटीत बसवून देईन.”

दसरा झाला आणि आगोटीला सुरुवात झाली. खोली घरमालकीण गोजाबाईच्या चार खोल्यांतली शेवटची. वर पत्रा, पुढे पश्चिमेला ओसरी आणि अंगण, मागे पूर्वेला एक खिडकी. तिच्यापलीकडे नदीपर्यंत मोकळं रान. मुरारी सरळ ओसरीकडे वळला. त्याच्या गावी जे काही वाईट येई ते पश्चिमेकडूनच येई: पाऊस, वादळ आणि मुंबईचे पाहुणे. थंडी दुसरीकडून येईल, ही शंकाही त्याच्या मनाला शिवली नाही. पूर्वेची खिडकी सूर्यनारायणाची. ती त्याने पुसून स्वच्छ केली आणि उघडी ठेवली.

झावळ्या कुठून आणणार? त्याने गोजाबाईचाच कडबा मागून घेतला, त्याची झड विणली, पत्र्यापासून जमिनीपर्यंत बांधली, जाण्यायेण्यापुरती एका कडेला वाट ठेवली. बाहेरून गोणपाट शिवलं आणि त्याला डांबर फासलं.

गोजाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. तिच्या सात पिढ्या दापोडीत गेलेल्या.

“आरं मुरारी, डांबर कशापायी?”

“पाणी आत नाय येणार मावशी.”

“थंडीत कुठलं रं पानी?”

“पाण्याचा भरवसा कुणी द्यावा?”

“व्हय बाबा. नाव पन आनून बांध दारात.”

कार्तिक बरा गेला. मार्गशीर्षात नदीवरून वारा सुटला. गेल्या थंडीत दुपारचं ऊन निदान उंबऱ्यापर्यंत येत असे. झडीने तेही बंद झालं. खोलीत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी, हा चमत्कार बघायला शेजारच्या शालनबाई दोनदा येऊन गेल्या.  शनिवारी दुर्गाने ट्रंक भरली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती भांडी घासायला अंगणात गेली. मुरारीने शेवटचा उपाय म्हणून उदबत्ती पेटवली. खिडकीची फट कारखान्यात तो अशीच शोधे. झडीजवळ धूर ताठ उभा राहिला. मुरारीची छाती फुगली. मग तो उदबत्ती घेऊन मागच्या खिडकीकडे गेला. धूर उलट फिरला आणि त्याच्याच नाकात शिरला.

शिंका ओसरल्यावर त्याला सगळं कळलं. कोयती घेऊन तो धावतच बाहेर आला.

झडीला पाठ करून सहा बायका उन्हात बसल्या होत्या. काळं डांबर दुपारभर तव्यासारखं तापलं होतं. कुणी लसूण सोलत होती, कुणी गोधडीला टाके घालत होती. शालनबाईंची लेक बाळंतपणाला आली होती. तिचं बाळ दुर्गाच्या पायांवर पालथं होतं आणि दुर्गा त्याच्या पाठीला तेल चोळत होती. तेल पातळ होतं.

“सरका जरा,” मुरारी म्हणाला. “झड उलटी बांधली गेली. सोडतो नि मागं लावतो.”

“हात लावून तर बघ!” गोजाबाई कडाडली. “कडबा माजा हाय.”

“अहो मावशी, वारा तिकडून येतो!”

“त्ये आमाला जलमापास्नं ठावं हाय.”

“मग आधी सांगायचं नाय?”

“तू इच्यारलंस व्हय?”

बायका खो-खो हसल्या. दुर्गाही हसली. गेल्या थंडीत ती कुणाबरोबर हसल्याचं मुरारीला आठवेना.

“मागली खिडकी गोणपाटानं बुजवा,” ती बाळाला उताणं करत म्हणाली. “झडीला राहू दे.”

“पण एसटी?”

“आता कशी जाऊ? सव्वा महिना ह्याला तेल लावायचं कबूल करून बसले मी. शालनबाईंचा हात लचकलाय.”

शालनबाई त्याच हाताने भराभरा लसूण सोलत होत्या. मुरारीने ते पाहिलं आणि पाहिलं नाही.

“आणि आत जाताय तर माझी जाडी साडी काढून आणा. ट्रंकेत तळाला आहे.”

मुरारी आत गेला. तळाची साडी काढायची तर वरचं काढावंच लागतं, म्हणून त्याने सगळी ट्रंक रिकामी केली, लुगडी दांडीवर टाकली, ती तिथून दोनदा घसरली, आणि मग रिकामी ट्रंक उचलून पत्र्याखालच्या फळीवर, अगदी भिंतीला लावून, दुर्गाचा हात पोचणार नाही इतक्या आत सरकवली.