लाइट आल्यावर विसरणारी पेटी

नारायणगावहून ओझरकडे जाताना रस्त्याला लागून आमची टोमॅटोच्या रोपांची नर्सरी आहे. मुलगा गिऱ्हाईक बघतो, मी शेडमध्ये बसून ट्रे निवडते. सून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. मी चौथी शिकले, पण निवडीत माझी चूक कोणी दाखवलेली नाही.

सुनेनं रोपांना आपोआप पाणी देणारी एक पेटी स्वतः बनवली. पंप कधी चालू करायचा, किती वेळ फवारा सोडायचा, हे आतल्या चिपच्या मेमरीत लिहिलेलं. पहिले काही दिवस झकास चाललं. मग पेटी विसरायला लागली. स्क्रीनवर नुसते चौकोन आणि पंप गप्प. भाद्रपदाच्या उन्हात दोन तासांत रोपं माना टाकायची.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मुलगा सुनेसमोरच मला म्हणाला, "आई, पुरे झाला हा खेळ. खंडेनवमीपर्यंत नीट चालली तर हत्यारांत मांडू. न्हाय तर भंगारात. मी तयार पेटी इकत आणतो."

सून उठून भाकरी थापायला गेली. त्या दिवशी त्या जाड आल्या. पेटीवर तिनं वर्ष घातलं होतं, ते मी बघितलं होतं. मला त्या पेटीचं फार कौतुक होतं अशातला भाग नाही. पण केलेलं काम असं भंगारात जाऊ नये.

घरी ती पेटीचं बटण दहादा बंद करायची, दहादा चालू करायची. पेटी ठणठणीत. शेडमध्ये लावली की पुन्हा तेच.

"आत्या, लाइट जाताना काहीतरी अर्धं लिहिलं जातंय," ती म्हणाली.

"जाताना न्हाई. येताना बिघडती."

"येताना कशी बिघडेल?"

"मला काय इचारती? डिप्लोमा तुझा. उद्या माझ्यासंगं बस आन् बघ."

दुसऱ्या दिवशी ती ट्रे निवडायला बसली. दोन ट्रे चुकीचे निवडले, ते मी परत केले. अकराच्या सुमाराला लाइट गेली आणि थोड्या वेळानं आली. मोटारीच्या स्टार्टरच्या बोर्डावर व्होल्टेज दाखवणारा काटा आहे. तो टणकन वर गेला आणि लगेच धाडकन खाली बसला. बल्ब विडीच्या टोकासारखा लाल झाला. काटा थरथरत राहिला, मग हळूहळू वर चढला. तोवर पेटीवर चौकोन आले होते.

कारण सगळ्या शिवाराला माहीत असलेलंच होतं. आमच्या डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, नदीतून पाणी ओढणाऱ्या एकूण एक मोटारीला ऑटो बसवलेला आहे. लाइट आली की मोटार आपोआप सुरू, माणूस घरी निवांत. मग सगळ्या मोटारी एकाच क्षणी दम लावतात आणि व्होल्टेज पार बसतं. आमचीही मोटार त्यातलीच. त्याच क्षणाला सुनेची पेटी जागी होऊन मेमरीत 'लाइट आली' अशी नोंद लिहायला घ्यायची.

शेजारच्या शेतकऱ्याला मी बांधावरून म्हटलं, "भाऊ, तुमचा ऑटो पाच मिनिटं उशिरानं लावा की."

"अन् तवर नदीचं पाणी तुमी वढणार व्हय, मामी?"

म्हणजे काय करायचं ते पेटीतच करायला हवं होतं.

सुनेनं मला सांगितलं की चिप आधी जुनं पुसते आणि मग नवं लिहिते. मधेच दम गेला तर जुनंही नाही आणि नवंही नाही. हे मला लगेच समजलं. शाळेत मी पाटी पुसायची आणि पेन्सिल मोडायची, तेव्हा गुरुजींना दाखवायला काहीच नसायचं.

"मग पहिलं पुसतीच कशाला? दुसरी पाटी घे, ती लिहून झाली की मग पहिली पूस. आन् मोटारींचा दम लावून झाल्याबिगर लिहूच नगं."

ती हसली. "चिपला कळतच न्हाई आत्या, व्होल्टेज बसलंय ते. ती आपली बरळत लिहीत राहते." मग एकदम थांबली. "कळायची सोय असते तिच्यात. व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या खाली गेलं की चिप आपली आपण थांबते. मी ती चालूच केली नव्हती."

"वर्षभर?"

"वर्षभर."

यावर मी हसले नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

तिनं ती सोय चालू केली. लाइट आल्यावर दोन मिनिटं काही लिहायचं नाही असं ठरवलं. मेमरीत दोन जागा केल्या, एक लिहून तपासून झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. करंगळीएवढा एक कपॅसिटरही घातला, म्हणजे लाइट गेली तरी हातातलं लिखाण पुरं होण्याइतका दम राहतो.

त्यानंतर लाइट दिवसातून चार-चारदा गेली आणि आली. मी काटा बघायची, सून स्क्रीन बघायची, आणि मुलगा आमच्याकडे बघत नसल्यासारखं करायचा. दोन मिनिटं झाली की पंप घुर्र करायचा. चौकोन पुन्हा आले नाहीत.

खंडेनवमीला मी पाटावर खुरपी, विळे आणि फवारणीचा पंप मांडला. पेटी भिंतीवर चालू होती, ती काढायची कशी? मुलानंच खुर्ची आणून दिली आणि मला धरून वर चढवलं.

"आत्या, पाणी नका शिंपडू हां तिच्यावर," सून खालून ओरडली.

"कोरडंच लावते," मी म्हटलं, आणि झाकणावर हळदीकुंकवाची बोटं ओढली.