मशीन थांबलं ती ओळ

आज वर्गात कवितेचा संदेश सांगायचा होता. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून चुकायची भीती फार वाटते. गाईडमधलं उत्तर पाठ होतं: कष्टाचं फळ मिळतंच. तरी काल संध्याकाळी कविता एकदा मोठ्याने वाचली. शेजारी आई मशीनवर ब्लाउज शिवत होती. कवितेतली आई मुलीच्या ओल्या चपला चुलीजवळ वाळत ठेवते, त्या ओळीवर माझ्या आईचा मशीनवरचा पाय थांबला.

"परत वाच गं."

"आई, संदेश शेवटच्या कडव्यात आहे."

"असू दे तिथं. सकाळी वाळल्या का त्या, ते सांग."

कवितेत ते कुठेच नव्हतं. आईच्या मनात मात्र संदेश नाही, चपलाच राहिल्या. भाषणांचंही असंच होत असावं. टाळ्या मोठ्या मुद्द्यांना पडतात, पण सभेतून घरी येताना माणसं एखादंच साधं वाक्य बोलत येतात.

आज सरांनी विचारलं, तेव्हा मी अडखळत म्हणाले, "सर, संदेश नीट सांगता येत नाही. पण चपलांच्या ओळीवर माझ्या आईचं मशीन थांबलं."

सरांनी पुस्तक उघडून ती ओळ स्वतः हळू वाचली. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, वाळल्या का मग?"