पाण्यात सोडलेली ओटी

धरणाआधी आमची आई नदीतल्या झऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरायची. स्वातंत्र्य नवं होतं, पुढारी म्हणाले, "देशासाठी थोडं सोसा." गाव बुडालं, देवीचं देऊळही बुडालं, आणि आम्हांला माळावर वसवलं.

देवी खाली आहे म्हणून ओटी पाण्यातच सोडायची, ही आमची रीत. परवा आई काठावरून ओटी सोडत होती. पहारेकरी ओरडला, "ओ आजी, शहराचं पिण्याचं पाणी आहे ते!"

"आन् आमी काय नुसतं बघायचं व्हय रं?" आई म्हणाली.

मी घरातला पहिला पदवीधर. योजना, राष्ट्रहित, सगळं मला पाठ आहे. पण सोसायची पाळी दर वेळी आमचीच का, हे कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. मोर्चे काढता काढता आईचे केस पिकले, तेव्हा कुठे यंदा माळावर नळ आला. पाणी दिवसाआड येतं.