दुसऱ्या निशाणाची काठी

तिला सगळे कवळीबाईच म्हणत. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक बिनखिडकीची खोली होती, तिथे बसून तिने एकतीस वर्षं कवळ्या केल्या. कुणाची कवळी हसताना सटकते आणि कुणाची भांडताना, हे तिला त्यांच्या सुनांच्या आधी ठाऊक असायचं. पण कधी कुणाचं नाव तिने बाहेर काढलं नाही. मग डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला आणि ही घरी बसली. घरी बसली म्हणजे थोरल्या बहिणीसमोर, अक्कासमोर बसली. दोन महिन्यांत दोघींनी एकमेकींचं डोकं खाऊन संपवलं.

तेवढ्यात संग्रहालयाला बारीक कामात हात बसलेलं माणूस हवं होतं. गटार खोदताना मजुरांना एक मडकं सापडलं होतं. त्यात रोमच्या बादशहांच्या काळातली तांब्याची नाणी होती, तीनशेच्या वर. बहुतेक करंगळीच्या नखाएवढी आणि मातीने अशी लडबडलेली की नाणं कुठलं आणि खडा कुठला, कळू नये.

"जन्मभर जित्यांचे दात केलेस," अक्का म्हणाली, "आता मेलेल्यांची तोंडं धू."

"ते निदान उलटून बोलत नाहीत," कवळीबाई म्हणाली आणि चष्मा घेऊन निघाली.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत तिला टेबल मिळालं, तेही खिडकीला लागून. पहिल्या दिवशी ती नुसती त्या उजेडात हात ठेवून बसली. नाण्यांचं काम बघणाऱ्या मॅडमना वाटलं, बाई घाबरली. बाई हरखली होती.

काम म्हटलं तर सोपं. बॅटरीत घालतात तसल्या शुद्ध पाण्यात नाणी भिजत ठेवायची, पाणी रोज बदलायचं. पंधरा दिवसांनी, महिन्याने माती मऊ झाली की लहान मुलांच्या दात घासायच्या मऊ ब्रशने झटकायची. उरलेली माती भिंगाखाली लाकडी काडीने, कणाकणाने. सुई नाही, लिंबू नाही, पावडर तर नाहीच. तिच्या आधी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ यायचे. त्यांनी एका नाण्याला लिंबू चोळलं. नाणं लखलखलं आणि बादशहाचा चेहरा ताटलीसारखा सपाट झाला. मॅडमनी त्यांना त्याच दिवशी निरोपाचा नमस्कार केला.

"तपकिरी ती माती, हिरवी ती नाण्याची कातडी," मॅडम सांगायच्या. "काकू, कातडी सोलली की परत बोलवत नाही मी कुणाला."

ओळखायला ती हळूहळू शिकली. शेजारच्या डब्यात दुसरीकडून आलेली बायझंटाईन, म्हणजे पुढच्या काळातल्या पूर्वेकडच्या रोमची, नाणी होती, जाडजूड, त्यांच्यावर एमसारखं ठसठशीत अक्षर. ते म्हणजे चाळिसाचा आकडा. मडक्यातल्या चिमुकल्यांवर मात्र एका बाजूला डोक्याला पट्टी बांधलेला बादशहा आणि दुसरीकडे दोन शिपाई. शिपायांच्या मधे निशाणाच्या दोन काठ्या असल्या, तर नाणं आधीचं. एकच असली, तर चार-पाच वर्षांनंतरचं. तेवढ्यावरून साल सांगता येतं, याचं तिला भारी कौतुक.

शिपायांची पहिली पाच नाणी तिने उजळली, पाचांवर एकच काठी. सहावं घेतलं. काठी दिसली. तिच्या बाजूला अजून एक बारीकसा उंचवटा होता. कवळी साच्यातून निघाली की कडेला जास्तीचा पापुद्रा राहतो, तो खरवडायचा असतो. एकतीस वर्षांची सवय. तिच्या हाताने मनाला न विचारताच तो उंचवटा काढून टाकला.

मग तिने खालच्या पांढऱ्या कागदाकडे पाहिलं. तपकिरी चुऱ्यात एक कण हिरवा होता. उरलेली काठीही शिपायांच्या मधोमध नव्हती, एकाच्या अंगाला चिकटून होती. दोन होत्या. एक तिने खाल्ली.

मॅडम त्या दिवशी बाहेरगावी होत्या. संध्याकाळी घरी तिने अक्काला सांगितलं.

"मग? कुणाच्या बापाला कळणारे?" अक्का म्हणाली. "एक काठी, असं लिही नि गप्प बस."

"साल चुकेल, अक्का."

"सतराशे वर्षांपूर्वीचं साल! तुझं स्वतःचं तरी तुला नीट माहितीये का? ते टेबल गेलं तर परत माझ्यासमोर येऊन बसशील, आणि ते मला नकोय हो."

शेवटचं वाक्य अक्का मस्करीत बोलली नव्हती. कवळीबाईलाही ते नकोच होतं. तरी सकाळी तिने चिठ्ठीवर लिहिलं, 'काठ्या दोन होत्या. एक माझ्या हातून गेली.' हिरवा कण पुडीत बांधला आणि दोन्ही मॅडमच्या टेबलावर ठेवून उभी राहिली.

मॅडमनी चिठ्ठी वाचली. चेहरा उतरला. नाणं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बराच वेळ पाहिलं.

"खालचा बुंधा शिल्लक आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहिलं नसतंत तर तिथे बघितलं नसतं मी. आणि आधीची पाच?"

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. कानशिलं तापली. "एकच होती पाचांवर," ती म्हणाली, आणि लगेच, "असं मला वाटतं."

पाचही पुन्हा काढली. दोघी डोक्याला डोकं लावून बसल्या. चार नाण्यांवर काठी शिपायांच्या बरोबर मधोमध उभी होती, दुसरीला जागाच नव्हती. पाचव्यावर मधला भाग मूळचाच झिजलेला. मॅडमनी भिंग तिच्याकडे सरकवलं, तिने पाहिलं, परत दिलं, परत घेतलं.

"मी काही खरवडलं असेन का इथे?"

"तुम्हीच सांगा."

"आठवत नाही हो. खरंच आठवत नाही."

"महिनाभर काडी माझ्या कपाटात राहील," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही पाणी बदलायचं आणि ओळखून लिहायचं. पुढचं पुढे बघू."

"येऊ ना मग?"

"पाणी काय मी बदलू?"

कवळीबाईने पाचव्या नाण्याची जुनी चिठ्ठी काढली. 'काठी एक' असं तिने तिथे किती ठसक्यात लिहिलं होतं! ते खोडून तिने खाली लिहिलं, 'एक की दोन, सांगता येत नाही.' मॅडमनी त्याखाली सही केली, आणि ती पाण्याचा डबा भरायला उठली.