नाथाचा दुसरा आवाज

ठाकुर्लीच्या आसपासच्या गावांत टेनिस क्रिकेटचे सामने भरले की माईकवर नाथा म्हात्रे असायचा. पन्नाशी उलटलेली. चाळीच्या भाड्यावर घर चालायचं आणि जीव सगळा कॉमेंट्रीत. "आरं गेला, गेला, पार खाडीन गेला!" असं तो ओरडला की फलंदाजापेक्षा टाळ्या त्यालाच पडायच्या. तोंडात तंबाखूचा बार मात्र कायम. घसा बसू लागला तेव्हा म्हणाला, धुळीनं झालंय. तो कॅन्सर निघाला.

स्वरयंत्र काढावं लागेल, हे डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. नाथानं मानही डोलावली होती, पण कानावर पडलेलं मनात उतरलंच नव्हतं. ऑपरेशननंतर शुद्धीवर येताच त्यानं बायकोला, तुळसाला, हाक मारली. ओठ हलले, आवाज नाही. त्यानं सगळा जोर लावला. गळ्याच्या तळाशी केलेल्या भोकातून नुसता वारा फुसफुसला. 

घरी आल्यावरही धक्के थांबेनात. शिंक आली ती नाकातून नाही, त्या भोकातून. हसू आलं तेही मुकं. एकदा तो हमसून रडला, पण तुळसाची पाठ होती, तिला पत्ताच लागला नाही.

नर्सनं ठाण्यात दर शनिवारी भरणाऱ्या एका गटाचा पत्ता दिला होता. तुळसानं त्याला ओढूनच नेलं. बुद्धविहाराच्या हॉलमध्ये सात-आठ माणसं गोल करून बसलेली, प्रत्येकाच्या गळ्याशी रुमाल, आणि सगळी ढेकर देत होती. मोठमोठ्यानं! नाथाला वाटलं, ही आपली थट्टाच आहे. तो तसाच मागे फिरला.

"थांबा, नाथाभाऊ. बसा."

आवाज जाड, घोगरा. बोलणारी बाई त्याच्याच वयाची होती, माया नावाची, विहाराशेजारच्याच चाळीत राहणारी; नाथाचं नाव तिला नर्सनं आधीच कळवलं होतं. तिनं रुमाल बाजूला केला. तिच्या गळ्यालाही तसंच भोक.  कुठे यंत्र लावलंय का म्हणून तो तिच्याभोवती बघत राहिला. काही नव्हतं.

"हवा गिळायची," माया म्हणाली. "पोटात जायच्या आत. वर उलटवायची. त्या ढेकरावर. शब्द बसवायचा. इथे सर कुणी नाही. ज्याला जे जमलं. ते तो दाखवतो."

आंबिवलीचा रिक्षावाला भगवान 'प' दाखवायचा. ओठ घट्ट मिटून 'प' म्हटलं की हवा आपोआप आत जाते, हे त्याला सापडलेलं. पण लांब वाक्यात तोच अडकायचा, मग माया त्याला कुठे तोडायचं ते शिकवायची. नाथाला मात्र आठवडेच्या आठवडे नुसते ढेकर आले.

"जोर नको लावू रे!" भगवान वैतागला. "जोर लावलास की भोकातून वारा सुटतो. शब्द मरतो."

जन्मभर ओरडून बोललेल्या माणसाला हे पचेना.

एके दुपारी तुळसा ओट्याशी बोंबील तळत होती. नाथा मागे उभा राहून ओठांनी प, त, क घोळवत होता. जोर लावायचं विसरला आणि शब्द निघाला.

"तुळसा."

तिच्या हातून झारा पडला. "कोन हाय घरान?" ती दाराकडे धावली. दारात कुणी नव्हतं. नाथाही हादरला होता. तो आवाज त्याचा नव्हताच, पोटात कुणी अनोळखी म्हातारा येऊन राहिल्यासारखा वाटत होता. त्यानं तिचा हात धरला आणि पुन्हा म्हणाला, "तुळसा."

ती त्याच्या ओठांकडे बघत खाली बसली. "मना वाटला कोनी घरान शिरला," एवढंच म्हणाली आणि मग डाफरली, "कवापास्ना मी एकलीच बोलतंय!" बोंबील करपून गेले.

शनिवारी त्यानं गटात तो शब्द म्हणून दाखवला. वाटलं, टाळ्या पडतील. पण सगळे कान देऊन ऐकत राहिले.

"ळ खाल्लास," भगवान म्हणाला.

"जीभ आणखी मागे वळवा," माया म्हणाली.

 मग एकेकानं आपापला 'ळ' काढून दाखवला आणि अख्खा शनिवार त्याच अक्षरात गेला.

आज नाथा एका दमात तीन शब्द बोलतो. फोनवर आवाज ऐकून अनोळखी माणसं घाबरून फोन ठेवतात. त्याचं त्याला अजून वाईट वाटतं. शनिवार मात्र तो चुकवत नाही. तुळसाही बरोबर जाते. ऐकायलाही शिकावं लागतं, म्हणते.