हिरव्या पिशवीचा चुरा

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर अळ्या पाळल्या. यातला दुसरा भाग नातेवाईकांना अजून पचलेला नाही. होटगीच्या वाटेवर आमचा जमिनीचा छोटा तुकडा आहे, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी काळ्या माशीच्या अळ्यांचे क्रेट मांडले. उरलंसुरलं अन्न त्यांच्यापुढे टाकायचं, पंधरा दिवसांत त्या फडशा पाडतात. मग अळ्या कोंबड्यांना घालायच्या आणि खाली राहतं ते खत. वास येतो का, असं सगळे विचारतात. येतो.

हिवाळ्यात माझ्या अळ्यांची चंगळ असते. आसपासच्या मळ्यांत हुरडा पार्ट्या चालतात, आणि हुरड्यावर ताव मारलेली माणसं पिठलं-भाकरी ताटात तशीच सोडतात. ते उष्टं मी मागून घेई. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून आलं की परत पाठवी. ‘मातीत मिसळून जाते’ असं छापलेल्या हिरव्या पिशव्याच वापरा, म्हणून मळेवाल्यांना भाषण देई. बिचाऱ्यांनी ऐकलं. मग मी त्या पिशव्या उष्ट्यासकट बारीक करायच्या कटरमधून काढू लागले. मातीच होणार आहे तर रिकाम्या करत कशाला बसायचं?

शेजारच्या रानात आक्का राहतात. त्यांच्या शेळ्या आहेत, आठ-दहा कोंबड्या आहेत आणि मेथीचे वाफे. माझ्याहून थोड्या मोठ्या, शाळेची पायरी न चढलेल्या, मला बाई म्हणतात. पहिलं खत निघालं तेव्हा मी दोन पोती त्यांच्या बांधावर नेऊन ठेवली आणि अगदी शुद्ध आहे, डोळे झाकून मेथीला घाला, असं ठासून सांगितलं.

दुसऱ्या खेपेचं खत चाळताना चाळणीत हिरवे कण दिसले. मला वाटलं, कोथिंबीर. निरोप समारंभात मिळालेलं भिंग लावलं, तर कोथिंबिरीवर छापील अक्षराचा तुकडा होता. खाली गळालेलं खत पाण्यात घातलं, तर त्यातूनही चिमटीत न येणारा बारीक चुरा वर तरंगला. अळ्यांनी अन्न संपवलं होतं आणि पिशवी माझ्यासाठी ठेवली होती. असल्या पिशव्या मुरायला मोठ्या ढिगाची ऊब लागते, महिने लागतात. पंधरा दिवसांत काय होणार? छापलंय म्हणून खरं मानू नका, असं पोरांना बजावणारी बाई मीच.

आक्कांना सांगायचं जिवावर आलं. दोन दिवस मी काही ना काही कारण काढलं. तिसऱ्या दिवशी त्या घरासाठी मेथी उपटताना दिसल्या, तेव्हा मात्र राहवेना. गेले आणि एका दमात सांगून टाकलं: खतात प्लास्टिकचा चुरा आहे, चूक माझी आहे, ही मेथी खाऊ नका, वाफ्यांवरची माती मी काढून देते.

त्यांनी आधी पेंडी बांधून पुरी केली.

“मला पयल्याच दिवशी दिसलं की,” त्या म्हणाल्या. “मूठभर चाळून बगितलं. मेथीला न्हाय घातलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी लई खुशीत होता, बाई.”

जीव भांड्यात पडला आणि लाजही वाटली. पोती कुठं गेली विचारलं, तर त्यांनी हनुवटीनं कुंपणाकडे दाखवलं. “तुमची वस्तू. तुमच्याच जास्वंदीला घातली.”

ती जास्वंद! महिनाभर येईल त्या पाहुण्याला मी तिची फुलं दाखवत होते, माझ्या खताची कमाल म्हणून. आक्का पलीकडून ते सगळं ऐकत होत्या.

जास्वंदीखालची माती आम्ही दोघींनी मिळून खरवडली. मोठे तुकडे निघाले, बारीक चुरा सगळा निघाला असं मी म्हणणार नाही. आता मळ्यांतून उष्टं झाकणाच्या डब्यांतून येतं, आणि खत आधी आक्का बघतात. त्यांनी मान हलवल्याशिवाय पोतं शेडबाहेर जात नाही. मी त्यांना माझं भिंग देऊ केलं होतं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्याच हातात परत ठेवलं. त्यांना त्याशिवाय दिसतं.