मेंढीसुद्धा फसती

"मेंढीसुद्धा फसती," असं वर्षाराणी नेहमी म्हणायची. हदगावकडच्या आमच्या गावातल्या रामलिंग मेंढपाळाची ही लेक, आता नांदेडच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. अख्ख्या कळपात मेंढी आपलं पिलू वासानं ओळखते. पण तिच्याच मेलेल्या पिलाचं कातडं पोरक्या कोकराला पांघरलं, की ती त्यालाही पाजते. बापाला तसं करताना तिनं लहानपणी पाहिलं होतं.

कर्करोगाच्या पेशींत जनुकांना जागं करणारं एक प्रथिन ती शोधत होती. ते ओळखायला एक अँटीबॉडी होती, मेंढीसारखी फक्त आपल्याच प्रथिनाला ओळखून चिकटणारी. प्रथिन सापडलं, की काळी रेघ उमटायची. वर्षभर रेघ उमटत होती, आता फक्त प्रबंध लिहायचा राहिला होता.

"लिहून टाक की," सोबतचा अमान म्हणाला.

"थांब रे. ज्या पेशींत ते प्रथिनच न्हाई, तिथं लावून बघते."

"अन् तिथंबी रेघ आली तर?"

"तर ती परक्यालाबी चिकटती, म्हंजे सगळं काम पाण्यात."

निकालाच्या दिवशी रामलिंग भाकरी घेऊन आले होते. ते बाहेर बाकावर बसून राहिले. दुपारी लेक धावतच बाहेर आली.

"आबा, कोरं हाय! हिनं परक्याला पाजलं न्हाई."

"मग भाकरी खा आता."

"आधी माझ्या गाईड मॅडमला सांगून येते."

लांब व्हरांड्यातून ती ताठ चालत गेली. कळप माळाला लागेस्तोवर बघावं, तसे रामलिंग ती वळेपर्यंत बघत राहिले.